सुलोचना, ‘हाव’ कोण म्हणालं?

सुलोचना, तुझी पानं अजून ओलीच आहेत.

दवाखान्यात नेलं त्या सकाळी तू बिड्यांसाठी तेंदूची पानं भिजवलीस, झटकलीस, ओल्या पोत्यात गुंडाळून चुलीमागच्या कोपऱ्यात ठेवलीस. दुपारी कापू म्हणून. दुपारी तर तू ॲम्बुलन्समध्ये होतीस. मग भंडाऱ्याचा दवाखाना, मग तू गेलीस, मग विहारातलं वंदन आणि घरात माणसांची रीघ. पोत्याकडं कोणाचं लक्ष जाणार? रीघ ओसरल्यावर तुझ्या सुनेनं, मंजुळानं, चुलीमागं झाडू घातला तेव्हा ते तिच्या हाताला लागलं. तिनं कुंपणावरूनच मला हाक मारली.

“मोठीमाय, जरा इकडं या.”

गेले. पोतं उघडलेलं. पानं अशी नरम, अशी गार, जणू आत्ता कोणी पाण्यातून काढली. हे आपलं भंडाऱ्याकडचं ऊन तुला माहीत आहे, वाळत घातलेलं लुगडं चूळ भरून येईपर्यंत कडक होतं.

“यावर पानी तुमी मारलं का?” मंजुळा म्हणाली.

“मी कायले मारू? मी तं चुलीकडं आलीच नाई.”

“मंग कोनं मारलं?”

“मातीचा कोपरा आहे वो. ओल धरून राह्यते.”

तरणी पोरगी आहे, तिला काहीतरी सांगावं लागतं. तिनं मान हलवली आणि पोतं पुन्हा होतं तसं गुंडाळून ठेवलं. मला मात्र कोणी काही सांगितलं नाही.

युनियनच्या पोरी म्हणाल्या, सुलोचनाबाईंवर तुम्हीच लिहा, पुस्तिकेत छापायचं आहे. जन्म कधीचा, शिक्षण किती, कोणकोणत्या कमिटीवर होत्या, असं सगळं लिहा. मी म्हटलं, ते तुम्हीच लिहा, मला त्यातलं काही येत नाही. मी अक्षरं शिकले ती बिडीच्या पुड्यावरच्या लेबलावरून, तूही तिथूनच. मला एवढंच येतं की तुझ्याशी बोलायचं. तेच करते. कोणाला पुस्तिकेत बसवायचं असेल तर बसवतील.

माझं मागचं अंगण आणि तुझं पुढचं अंगण, मध्ये काट्यांचं एक कुंपण. अलीकडं आम्ही कोष्टी, पलीकडं तुमची विहाराची गल्ली. आंधळगावात रेशमाचे माग होते तोवर मला कुंपणापलीकडं पाहायची गरज पडली नाही, असंच म्हणू. मग आमचा माग थांबला. घरात धोट्याचा आवाज नाही, ते घर कसं लागतं ते कोष्ट्यालाच कळतं. मी ओसरीवर हात मांडीत घेऊन बसलेली. तेव्हा तू कुंपणाखालून एक सूप सरकवलंस. त्यात पानं, तंबाखू, दोऱ्याची रिळं, कैची.

“कोष्टीन आहेस. बोटायले सूत मालूम आहे. बिडी का कठीन आहे?”

“मले नाई जमनार.”

“नाई जमलं तं सूप परत सरकव. सूप माहं आहे.”

सूप मी कधी परत सरकवलं नाही. कुंपणात त्या जागी आता एवढं भोक आहे की मांजर नव्हे, मीच वाकून जाते.

पोरींना ठाऊक नाही म्हणून हेही लिहिते, की युनियनच्या सभेत तू हजेरी कशी घ्यायचीस. हातात कागद नसे. डोळे मिटून तू मनातल्या मनात गावातून चालायचीस, तलावाच्या पाळीपासून निघून एकेका घरापुढं थांबत, आणि ज्या घरापुढं थांबलीस त्या बाईचं नाव घ्यायचीस. ती म्हणायची, “हाव.” आपल्याकडं होकाराला हावच म्हणतात, हे आपल्याला सांगायला नको, पण पुस्तिका पुण्या-मुंबईकडं गेली तर तिकडच्यांसाठी लिहिते. ती हाव नुसती हजर असल्याची नसायची. आज जे ठरेल त्यात मी आहे, असा तिचा अर्थ होता. आणि चालत चालत तू शेवटी आपल्या घरापुढं पोहोचायचीस. मग कोर्टातल्या शिपायासारखा आवाज काढून स्वतःचंच नाव पुकारायचीस, “सुलोचनाबाई हाजिर आहेत का?” आणि नव्या नवरीसारख्या बारीक आवाजात स्वतःच म्हणायचीस, “हाव जी.” दर वेळी बाया हसायच्या. दर वेळी, बाई. मला कधी कधी राग यायचा की एवढ्यात काय हसायचं.

याच शब्दावरून त्या साहेबाचा घोटाळा झाला होता, आठवते? बिडी कारखान्याचा नवा साहेब पुण्याकडून आलेला. भला माणूस होता. खराब म्हणून छाटलेल्या, पैसे न मिळालेल्या बिड्यांवरून आपण त्याच्या दारात बसलो होतो. तो म्हणाला, उद्यापासून तुमच्यासमोर छाटणी होईल, मग कामावर याल का? साऱ्या बाया एकदम म्हणाल्या, “हाव, हाव.” तो बिचारा गोंधळला. म्हणाला, “नाही हो, मी तुम्हाला हावरट म्हणालो नाही. हक्काचंच मागताय तुम्ही.” त्याच्या मराठीत हाव म्हणजे लोभ. तेव्हा आपल्यातला एक काटकुळा पोरगा पुढं झाला, खांद्यावर झोळी, आणि म्हणाला, “साहेब, आमच्याकडं हाव म्हणजे कबूल. ज्याची जीभ एकदा हाव म्हणते त्याला मग मागं फिरता येत नाही.” साहेबही हसला.

तो पोरगा म्हणजे आपला भाऊ. पुढं आमदार झाला तो. नाव लिहीत नाही. गावाला माहीत आहे आणि बाहेरच्याला त्याची गरज नाही. तुझ्याकडं भाकर आणि माझ्याकडं कालवण, असं कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी जेवलेला. त्याच्यासाठी आपण उन्हातून गावोगाव हिंडलो. निवडून आला त्या दिवशी तू गुलाल लावून घेतला नाहीस, म्हणालीस, डोळ्यात जाते. पण दिवसभर उगीच हसत होतीस. आणि त्यानं काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. बिडी कामगारांचा दवाखाना त्यानंच भांडून आणला. उपकार विसरायचे नसतात, या एका गोष्टीवर आपण दोघी कधी भांडलो नाही.

भांडण झालं ते पुढं. तो जुना कारखाना मोठ्या कंपनीनं घेतला. कंपनीनं म्हटलं, घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाया आमच्या कामगार नाहीतच, त्या आपल्या हौसेनं घरगुती धंदा करतात. कामगार नाही म्हणजे कार्ड नाही, कार्ड नाही म्हणजे दवाखाना नाही, पोरांची शिष्यवृत्ती नाही. आपल्याला वाटलं, भाऊ आता विधानसभेत उभा राहून बोलेल. भाऊ कंपनीच्या सल्लागार मंडळावर जाऊन बसला. कंपनीच्या कॅलेंडरवर त्याचा फोटो आला, बैलपोळ्याच्या महिन्यावर.

मी तुला म्हणाले होते, “आपलं पोट्टं आहे. आतून काम करतो म्हन्ते, तं करू दे.”

“आत गेल्यावर दार कोनाच्या हातात राह्यते वो?”

“मंग का करतेस? आपल्याच मानसाचा गळा दाबतेस?”

“गळा नाई, हात. हात दाबला का मानूस वळून पाह्यते.”

किती दिवस हेच. तू पानं कापताना म्हणायचीस, मी दोरा बांधताना. मला अजूनही वाटतं, सुलोचना, की त्याला आणखी थोडा वेळ द्यायला हवा होता. तू नाहीस म्हणून मी माझं म्हणणं सोडलं असं समजू नकोस.

पण मोहाडीच्या त्या कार्यक्रमात मी तुझ्या शेजारच्याच खुर्चीवर होते. भाऊ कंपनीच्या मंडपात बोलायला उभा राहिला. छान बोलत होता. बोलता बोलता म्हणाला, “कामगार भगिनींनी हाव धरू नये. कंपनी टिकली तर आपण टिकू.” मी त्या पुण्याच्या साहेबाचा चेहरा आठवून हसायच्या बेतात होते. तुझ्याकडं पाहिलं. तू दोन्ही हात खुर्चीच्या दांडीवर ठेवून, हळू, कोणी मेलेल्या घरातून उठतं तशी उठलीस. तशीच एसटी स्टँडापर्यंत चालत गेलीस. तिथं बाकड्यावर बसून म्हणालीस, “पार्बता, त्याच्या तोंडात आपला शब्द मेला.”

मी म्हटलं, “माईकवर बोलताना होते असं.”

तू पदर सावरलास आणि एसटीकडं चालू लागलीस.

मग ॲम्बुलन्स. गाडीत तुझ्याजवळ मी आणि मंजुळा. तुझे डोळे मिटलेले, आणि बोटं चालत होती. पान नाही, तंबाखू नाही, आणि बोटं बिडी वळत होती. अंगठा आणि तर्जनी गुंडाळत यायची, नखानं तोंड दाबायची, मग दोऱ्यासाठी हात उजवीकडं जायचा, आणि दोरा नसायचा म्हणून परत यायचा. मंजुळानं तो हात धरून ठेवला तर दुसरा सुरू झाला. मध्येच तू डोळे न उघडता अगदी स्वच्छ बोललीस, “भाऊले अट घालाची. कंपनीची खुर्ची सोड, नाई तं आपला झेंडा सोड. मी नसली तं तू उभी राहाशीन का?”

मी म्हणाले, “पहिले बरी हो, मंग पाहू.”

हे काही उत्तर नव्हतं. तुलाही कळलं ते. तू पुन्हा विचारलं नाहीस. दवाखान्यात शेवटपर्यंत बोटं चालत राहिली, आणि थांबली ती दोऱ्याकडं गेलेला हात तसाच अधांतरी ठेवून. नर्सनं तो खाली ठेवला. मी पाहत होते, बाई. बिडी वळलेली होती, तोंड दाबलेलं होतं, फक्त दोरा बांधायचा राहिला होता.

भाऊ भेटायला आला. रडला. खोटं रडला असं जो म्हणेल त्याच्याशी मी भांडेन. तुझ्या अंगणात मातीत बसला, म्हणाला, “मला मावशीनं वाढवलं.” मग डोळे पुसून म्हणाला, कंपनी गावाबाहेर मोठी शेड बांधते आहे, बायांनी तिथं येऊन काम करायचं, वर पंखे, प्यायला गार पाणी. त्या शेडला सुलोचनाबाईंचं नाव द्यायचं त्यानं ठरवलं होतं.

“आणि उद्घाटनाची फीत तुम्ही कापायची, पार्बतामावशी. साऱ्या बायांना घेऊन या. युनियनचे झेंडे आणा.”

मंजुळानं विचारलं, “त्या शेडीत आमी कामगार राहू का, का तथी बी हौसेनंच?”

तो म्हणाला, “ते सगळं होईल हळूहळू.”

मी म्हणाले, पाहू. ह्या घराला माझ्याकडून मिळालेलं हे दुसरं ‘पाहू’, पहिलं तुला गाडीत.

आणि मग सकाळी गावाच्या मोडावर, रस्ता वळतो तिथं, पाहते तर तू. एवढी मोठी, पिंपळाच्या फांदीला टेकलेली. फ्लेक्स लावला होता. खाली कंपनीचा शिक्का, बाजूला हात जोडलेला भाऊ, आणि मध्ये तुझा चेहरा, ओळखपत्राच्या फोटोवरून ओढून मोठा केलेला. तुला त्यांनी गोरी केली. दात पांढरे केले. तू त्या फोटोत हसली नव्हतीस, तरी हसवलं. आणि कपाळावर लाल टिकली लावली. जन्मात तू टिकली लावली नाहीस. छापणाऱ्यानं सगळ्या बायांना लावतो म्हणून तुलाही लावली असेल. मी खाली उभी राहून पाहत राहिले आणि मला असं झालं की ही कोण, आणि हिला माझ्या मैत्रिणीचे डोळे कोणी दिले.

दुपारी त्या मोडावर कोणी नसतं. कुत्रीसुद्धा नाल्याच्या पुलाखाली जाऊन पडतात. मी दुकानातून येत होते. वारा सुटला, फ्लेक्स फुगला, आणि तोंडाच्या जागी कापड आत गेलं, बाहेर आलं, आत गेलं. आवाज नाही. बोलून राहिली होतीस आणि आवाज नव्हता. मी तिथं उभी राहून म्हटलं, “मोठ्यानं बोल वो, मले आयकू येत नाई.” कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, पार्बताबाई गेली कामातून.

सभा विहाराच्या अंगणात घेतली. अट घालायची का, एवढंच ठरवायचं होतं. पण अट घालणं म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. भाऊ गेला तर आपलं म्हणणं पुढं नेणारं दुसरं कोणी नाही, आणि भाऊ असाच राहिला तर कार्ड नाही. हजेरी घ्यायला मला उभं केलं. मी तुझ्यासारखेच डोळे मिटले आणि तलावाच्या पाळीपासून निघाले. मला वाटलं नव्हतं की जमेल. पण पाय आपोआप चालले. एकेक घर येत गेलं, मी नाव घेत गेले, समोरून हाव येत गेली. गल्ल्या संपल्या. शेवटचं घर आलं. अंगण सारवलेलं, दारात सूप. आणि मी नाव घेतलं.

“सुलोचनाबाई.”

तोंडातून गेलं तेव्हा कळलं. मी पदराचं टोक दातात धरलं.

“हाव जी.”

बारीक आवाज, नव्या नवरीसारखा.

कोणी हसलं नाही. मी डोळे उघडले तर साऱ्या बाया माझ्याकडं पाहत होत्या. मंजुळा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “मोठीमाय, तुमीच म्हनलं ना?” मी मान हलवून नाही म्हटलं, पदर अजून दातातच होता. मागच्या बायांना वाटलं आवाज पुढून आला. पुढच्यांना वाटलं मागून. एक म्हातारी तर म्हणाली, मी काहीच ऐकलं नाही, पण तिला कधीच काही ऐकू येत नाही.

मी कोणाला काय सांगणार? दातात पदर धरून हाव म्हणता येत नाही, एवढं मात्र मी करून पाहिलं आहे. घरी येऊन, दार लावून.

त्यानंतर बोलायला फार काही उरलं नाही. कोणी हात वर करायला सांगितलं नाही आणि हात वर झाले. ऊन उतरायच्या आत बायांनी मोडावर जाऊन फ्लेक्स काढला. तसलं कापड कोणी सोडत नाही, छपरावर टाकतात, धान वाळवायला घेतात. हे मात्र कोणी मागितलं नाही. तोंड आतल्या बाजूला घेऊन मी घडी केली आणि तुझ्या घरात ठेवली.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. गाडी मोडावर ठेवून पायी आला, पूर्वी यायचा तसा. मी माझ्या ओसरीवर सूप घेऊन बसले होते. त्याला चहा ठेवला.

“मावशी, बोर्ड का काढला? मी सन्मान करत होतो मावशींचा.”

“टिकली लावून?”

त्यानं पाहिलीच नव्हती. खाली मान घालून म्हणाला, “छापणाऱ्याची चूक.”

“असन. आता आयक बाबू. तू कंपनीची खुर्ची सोड, मंग दारावर तिचं नाव लाव. तवरी आमच्या बाया तुह्या मंडपात येनार नाई. झेंडाई येनार नाई. मतासाठी दारात आलास तं चहा भेटन, दुसरं काई भेटनार नाई.”

“मी तिथं आहे म्हणून निदान तुमची बाजू…”

“का सांगतली आमची बाजू? एक गोष्ट सांग.”

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, “मावशी, मी तुमचाच आहे.”

“आहेस तं एवढंच सांग. घरी बसून बिड्या वळनाऱ्या बाया, कामगार आहेत का? आपल्या बोलीत सांग.”

एका शब्दाचं काम होतं, सुलोचना. मी त्याचे ओठ पाहत होते. “हा…” एवढं आलं. मग तो थांबला. मला खरंच वाटलं की येईल. मी मनात त्याच्यासोबत जोर लावत होते, जसं लेकरू पहिलं पाऊल टाकताना आपण लावतो. तेवढ्यात त्यानं मान वळवली, झटक्यानं, कुंपणाकडं.

“त्या घरात कोण आहे?”

“कोनी नाई. मंजुळा भंडाऱ्याले गेली, कार्डाच्या कामासाठी. काहून?”

“काही नाही.”

तो उठला. कपात चहा होता. पायरीवरून उतरताना त्यानं एकदा पुन्हा तिकडं पाहिलं आणि मग मोडापर्यंत मागं पाहिलं नाही.

मला काही ऐकू आलं नव्हतं, बाई. या वेळी खरंच नाही. त्याला काय ऐकू आलं ते मला कळलं, आणि तू सभेत मला ओ दिलीस तेव्हा वाटली नव्हती एवढी भीती मला तेव्हा वाटली. त्याच्यासाठी वाटली. ज्याला ती हाव ऐकू येते त्याला ती म्हणता येत नाही, यापेक्षा वाईट काय असेल?

शेड उभी राहून राहिली आहे. खुर्ची त्यानं अजून सोडलेली नाही. दारावरची पाटी कोरी आहे, येता-जाता मी पाहते.

तो गेल्यावर मी कुंपणातून वाकून तुझ्या घरात आले. चुलीमागचं पोतं उघडलं. पानं ओली. त्यातलं एक काढलं, कापलं, तंबाखू भरली, वळली, नखानं तोंड दाबलं. मग उजवीकडं हात नेला. तुझं रीळ तिथंच होतं. दोरा बांधला.

तू गाडीत विचारलं होतंस, मी नसली तं उभी राहाशीन का. भाऊला उत्तर दिलं. बायांना दिलं. तुला द्यायचं राहिलं होतं.

हाव, सुलोचना.